हेड गॅस्केट नवीन टाकलं तरी पुन्हा पाणी कमी होतंय? बोल्ट जुनेच होते का ते आधी सांगा

हा प्रॉब्लेम इतक्या वेळा दिसतो की एकदा सविस्तर लिहूनच टाकतो. हेड, म्हणजे इंजिनच्या ब्लॉकवरचं झाकण, उतरवलं, फेसिंग (घासून सपाट) करून आणलं, मधे नवीन गॅस्केट (दोघांमधलं सील) टाकलं, सगळं नीट बसवलं, गाडी काही दिवस झकास चालली आणि मग पुन्हा तेच रडगाणं. कूलंट (इंजिन थंड ठेवणारं पाणी) कमी होतंय, थंड इंजिन चालू केल्याकेल्या रेडिएटरचा वरचा पाइप टणक होतोय, सायलेन्सरमधून पांढरा धूर. आणि दोष कोणाला, तर गॅस्केटला. डुप्लिकेट निघालं म्हणे. निघतही असेल एखादं, पण दुसऱ्यांदा गेलेलं गॅस्केट बहुतेक वेळा बिचारं निर्दोष असतं, त्याला दाबून धरणारा जोरच कमी पडलेला असतो, आणि तो जोर बोल्टचा. मग विचारलं की बोल्ट बदलले होते का, तर उत्तर ठरलेलं, "नाही, जुनेच एकदम चांगले होते, आटेसुद्धा साफ होते."

दिसायला चांगले असणं आणि कामाला चांगले असणं यात फरक आहे, तो कसा ते खाली येईलच.

पण त्याआधी, खरंच गॅस्केट गेलंय का ते नक्की करा. हेडचं काम झाल्यावर कूलंट भरताना सिस्टिममध्ये हवा अडकते, ती नीट काढली नाही तर पहिले काही दिवस लेव्हल खाली जाते, गाडी गरमही होते, आणि माणूस घाबरून परत हेड उतरवायला घेतो. हीटरचे पाइप, वॉटर पंपाच्या खालचं गळतीचं छोटं भोक, रेडिएटर कॅपचं रबर हे सगळं आधी बघून घ्या. मग ब्लॉक टेस्टरचं निळं लिक्विड मिळतं ते रेडिएटरच्या तोंडावर लावून इंजिन चालवा, जळालेला गॅस कूलंटमध्ये येत असेल तर ते पिवळं पडतं (डिझेलला हिरवट पिवळं). त्याच्या जोडीला कंप्रेशन टेस्ट केली आणि शेजारशेजारचे दोन सिलेंडर दोन्ही कमी आले तर त्यांच्या मधल्या पट्टीतून गॅस्केट फुटलंय असं जवळजवळ धरून चाला. एकच सिलेंडर कमी असेल तर व्हॉल्व्ह किंवा रिंगसुद्धा असू शकते, त्यासाठी लीक-डाउन टेस्ट करून, म्हणजे सिलेंडरमध्ये बाहेरून हवा भरून, ती कुठून निघते ते ऐका. रेडिएटरमध्ये बुडबुडे आले की विषय संपला.

आता बोल्टकडे येऊ. हेड बोल्ट हा नुसता खिळा नाही, ती एक फार कडक स्प्रिंग आहे. आपण आवळतो तेव्हा तो लांबतो, आणि परत आखूड व्हायचा प्रयत्न करतो, त्या प्रयत्नातून हेड आणि ब्लॉक एकमेकांवर दाबले जातात. तो दाब किती लागतो याचा अंदाज घ्या: ७५ मिमी बोअरचा (आतल्या व्यासाचा) पेट्रोल सिलेंडर असेल आणि आत स्फोटाच्या वेळी ६० बार दाब आला तर त्या एकाच सिलेंडरवर हेडला वर उचलणारा साधारण २.७ टन जोर येतो. टर्बो डिझेलमध्ये १५० बार धरले तर पावणेसात टनांच्या आसपास. हे दर दोन फेऱ्यांत एकदा, म्हणजे ३००० आरपीएमला मिनिटाला दीड हजार वेळा. एम१० साइजचा (१० मिमी व्यासाचा), १०.९ ग्रेडचा (हा ताकदीचा आकडा) बोल्ट साधारण सव्वापाच टनांवर कायमचा ताणला जायला लागतो. हे दोन आकडे शेजारी ठेवले की कळतं की इथे "घट्ट वाटतंय" या अंदाजाला फारशी जागा नाही.

वरून अजून एक भानगड, हेड अॅल्युमिनियमचं आणि बोल्ट स्टीलचा. अॅल्युमिनियम गरम झाल्यावर स्टीलच्या जवळजवळ दुप्पट फुगतं. बोल्टने पकडलेली हेडची जाडी १०० मिमी धरली आणि इंजिन थंड अवस्थेपासून ७० अंशांनी तापलं तर हेड साधारण ०.१६ मिमी वाढतं आणि तेवढ्याच लांबीचा बोल्ट ०.०८ मिमी, मधला फरक बोल्टला ताण खाऊन सोसावा लागतो, आणि थंड झाल्यावर परत यावं लागतं. रोज. म्हणूनच आजकालच्या इंजिनांत लांब आणि मधे बारीक कंबर असलेले बोल्ट येतात, ते जास्त लवचिक असतात आणि हा खेळ सहन करतात.

आणि इथेच त्या "एकदाच वापरा" बोल्टचं रहस्य आहे. याला कोणी स्ट्रेच बोल्ट म्हणतात, कोणी टीटीवाय, म्हणजे टॉर्क टू यील्ड, कायमचा लांबायला लागेपर्यंत आवळायचा बोल्ट. बोल्ट जोपर्यंत स्प्रिंगसारखा वागतो तोपर्यंत सोडला की मूळ लांबीला येतो. पण हे बोल्ट मुद्दाम त्या मर्यादेच्या थोडं पलीकडे, जिथे स्टील कायमचं लांबायला लागतं तिथे नेऊन सोडतात. कारण त्या टप्प्यात बोल्ट थोडा जास्त फिरला काय कमी फिरला काय, दाबात फार फरक पडत नाही, त्यामुळे दहाच्या दहा बोल्ट जवळजवळ सारखा दाब देतात. गॅस्केटला नुसता जास्त दाब नको असतो, सगळीकडे सारखा दाब हवा असतो. पण याची किंमत अशी की तो बोल्ट एकदा लांबला की लांबला. जास्त ताणलेलं केसाचं रबर कसं सैल पडतं, पुन्हा बांधलं तर बांधलं जातं पण धरत नाही, तसंच. दुसऱ्यांदा तेवढाच अंश फिरवला तर काय होईल सांगता येत नाही, कधी तो धरतो, कधी मधेच बारीक होत जातो, कधी शेवटच्या ९० अंशांत कट् करून तुटतो आणि मग ब्लॉकमधून तुकडा काढत बसा.

आता खरं सांगायचं तर जुने बोल्ट टाकूनही गाड्या चालल्याची उदाहरणं भरपूर आहेत, ते मी नाकारत नाही. पण "चाललं" याचा अर्थ तो दाब पुरेसा होता असा होतो, पूर्ण होता असा होत नाही. पुढच्या वेळी घाटात गाडी थोडी गरम झाली की तो उरलेला फरक बाहेर पडतो. एवढं हेड उतरवायची मेहनत, फेसिंग, टायमिंग, आणि त्यात फक्त बोल्टच वाचवायचे हा हिशोबच मला पटत नाही.

बोल्ट कुठल्या प्रकारचे आहेत ते कसं ओळखायचं? मॅन्युअल उघडा. सगळे टप्पे फक्त टॉर्कच्या, म्हणजे फिरवायच्या जोराच्या, न्यूटन मीटरमध्ये दिले असतील, म्हणजे आधी इतके, मग इतके, शेवटी इतके, तर बहुतेक जुन्या पद्धतीचे बोल्ट आहेत, ते आटे साफ, गंज नाही, वाकलेले नाहीत असे असतील तर परत वापरता येतात. आधी थोडा टॉर्क आणि मग ९० अंश, परत ९० अंश असं दिलं असेल तर कान टवकारा. पण लक्षात घ्या, अंश दिले म्हणजे प्रत्येक वेळी एकदाच वापरायचा बोल्ट असं नसतं, काही इंजिनांत अंशाने आवळूनसुद्धा बोल्ट स्प्रिंगच्या मर्यादेतच राहतो आणि कंपनी मोजून परत वापरायला परवानगी देते. टोयोटाच्या बऱ्याच मॅन्युअलमध्ये ताणल्या जाणाऱ्या भागाचा व्यास मोजायला सांगतात, मर्सिडीजच्या जुन्या इंजिनांत डोक्याखालची लांबी मोजून ठरावीक मापाच्या वर गेली की फेका असं असतं, फोक्सवॅगन सरळ नवीनच टाका म्हणते. काही ठिकाणी ठरावीक वेळाच वापरायचे आणि दर वेळी डोक्यावर पंचने टिंब मारायचं असंही दिलेलं असतं. म्हणून शेजाऱ्याच्या गाडीत काय केलं ते तुमच्या इंजिनाला लागू नाही. मॅन्युअल मिळतच नसेल आणि बोल्टाला बारीक कंबर दिसत असेल तर वाद न घालता नवीन टाका.

मोजायचे असतील तर नीट मोजा. सगळे बोल्ट डोकं खाली करून एका सपाट काचेवर किंवा सरफेस प्लेटवर उभे करा, एखादा जरी लांब दिसला तरी काम तिथेच संपलं. मग व्हर्नियरने आट्यांचा व्यास तीनचार जागी घ्या, विशेषतः आट्यांच्या वरच्या भागात, जो ब्लॉकच्या आट्यात शिरत नाही तिथे, कारण ताण तिथेच साठतो आणि बोल्ट तिथेच बारीक होतो. त्यानंतर एक साधी टेस्ट, त्याच मापाचा नवीन नट हाताने शेवटपर्यंत फिरवत न्या. मधेच अडला तर आट्यांमधलं अंतर बदललंय, बोल्ट ताणला गेलाय. पण ही टेस्ट एकाच बाजूने खरी आहे, नट अडला तर बोल्ट नक्की गेला, नट सुरळीत गेला म्हणून बोल्ट चांगला असं सिद्ध होत नाही. आणि दहातले दोन खराब निघाले म्हणून दोनच नवीन टाकू नका, दोन नवीन आणि आठ थकलेले बोल्ट मिळून सारखा दाब कधीच देणार नाहीत. पूर्ण सेट बदला. तसंच हार्डवेअरच्या दुकानातून तेवढ्याच ग्रेडचा, तेवढ्याच लांबीचा बोल्ट आणून टाकणं हा सगळ्यात वाईट पर्याय, डोक्यावर १०.९ लिहिलेलं असलं तरी त्याची कंबर, आट्यांची लांबी, डोक्याखालचा फ्लँज सगळं वेगळं असतं.

बरं, आता नवीन बोल्ट आणले. तरीही परत लीक झालं अशा केसेस असतात, आणि तिथे माझं बोट बहुतेक वेळा ब्लॉकमधल्या भोकांकडे जातं. हेड उचलताना कूलंट आणि ऑइल त्या भोकांत पडतं. भोक खालून बंद असेल तर ते तिथेच साठून राहतं, वरून बोल्ट आवळला की द्रव दाबला जात नाही, टॉर्क रेंच मात्र टक् म्हणतो, तुम्हाला वाटतं बसला. हेडवर दाब पडलेलाच नसतो. याहून वाईट म्हणजे त्या दाबाने ब्लॉकला तडा जाऊ शकतो, आणि त्याला मग गॅस्केट जबाबदार नाही आणि बोल्टही नाही. म्हणून प्रत्येक भोक कापड, ब्रेक क्लीनर आणि कंप्रेसरच्या हवेने कोरडं करा, डोळ्यांवर चष्मा लावून, कारण आतला सगळा चिखल सरळ तोंडावर येतो. आट्यांत गंज किंवा जुना सीलंट अडकला असेल तर थ्रेड चेसर फिरवा. कापणारा टॅप घालू नका, तो घाणीबरोबर थोडं धातूही खरवडतो आणि आटे ढिले होतात. चेसर नसेल तर जुन्याच हेड बोल्टला लांबीत दोनतीन खाचा मारून तोच हाताने फिरवला तरी काम होतं, जुन्या बोल्टचा हा एक उपयोग मला मान्य आहे.

बोल्टबरोबर अॅल्युमिनियमची तार गुंडाळून वर आली, किंवा आवळताना टॉर्क वाढतच नाही, नुसता फिरतोय, तर ब्लॉकचे आटे गेलेत. तिथे अजून जोर लावून काही होत नाही, भोक मोठं करून इन्सर्ट (नवीन आट्यांची नळी) बसवावा लागतो, आणि तो सरळ बसला पाहिजे, हातातल्या ड्रिलने अंदाजे करायचं काम नाही हे.

मग ऑइल. बोल्टाला ऑइल लावायचं की कोरडा टाकायचा यावर लोक भांडतात. उत्तर मॅन्युअलमध्ये असतं, पण भांडण का होतं ते समजून घ्या. पान्यावर तुम्ही जो जोर लावता त्यातला ढोबळमानाने नव्वद टक्के घर्षणात जातो, निम्मा डोक्याखाली आणि बाकीचा आट्यांत. हेड दाबायला फक्त दहा टक्के उरतो. म्हणजे घर्षण थोडंसं जरी बदललं तरी त्याच टॉर्कवर दाबात मोठा फरक पडतो. कोरड्या, गंजलेल्या बोल्टवर रेंच लवकर टक् म्हणणार आणि दाब कमी. उलट कोरड्याचा आकडा घेऊन मॉलीचं ग्रीस फासलं तर बोल्ट नको तितका ताणला जाणार. बऱ्याच इंजिनांत आट्यांना आणि डोक्याखाली इंजिन ऑइलचा पातळ हात द्यायला सांगतात, पातळ म्हणजे पातळ, ऑइलमध्ये बुडवून थेंब गळणारा बोल्ट बंद भोकात घातला की वरचाच प्रॉब्लेम परत. काही नवीन बोल्टवर कारखान्यातूनच कोटिंग असतं, ते पुसू नका. भोक वॉटर जॅकेटमध्ये (ब्लॉकमधल्या पाण्याच्या वाटेत) उघडत असेल तर आट्यांना सीलंट लागतो, नाहीतर पाणी आट्यांतून वर चढतं आणि लोक त्यालाही गॅस्केट लीक समजतात. वायसर असेल तर त्याची कड कुठल्या बाजूला होती तशीच लावा.

घर्षणाचा हा गोंधळ टाळायलाच अंशांची पद्धत आली. सुरुवातीच्या टॉर्कने सगळे बोल्ट एका पातळीला आणायचे, त्यानंतर घर्षण विसरून फक्त किती फिरला ते मोजायचं. दीड मिमी पिचचा (दोन आट्यांमधल्या अंतराचा) बोल्ट ९० अंश फिरला की ०.३७५ मिमी पुढे गेला, घर्षण कितीही असो. पण म्हणूनच अंश अंदाजाने चालत नाहीत. अँगल गेज वापरा, नसेल तर प्रत्येक बोल्टच्या डोक्यावर आणि शेजारी हेडवर पेंटने खूण करा, खुणा सगळ्या एकाच दिशेला असल्या की कुठला राहिला ते लांबूनही दिसतं. षटकोनी डोकं असेल तर एका कोपऱ्यापासून पुढचा कोपरा म्हणजे ६० अंश, बारा कोनी असेल तर ३०. शक्यतो ९० अंश एका दमात ओढा, थांबत थांबत नाही. आणि हाताला लक्ष ठेवायला शिकवा: फिरवताना जोर वाढत जातो आणि मग एका पातळीला स्थिर होतो, ते ठीक, पण एकदम हलका लागायला लागला तर थांबा, तो बोल्ट काढा आणि बघा, एकतर बोल्ट चाललाय नाहीतर ब्लॉकचे आटे.

क्रम सगळ्यांना माहीत असतोच, आवळताना मधून बाहेर, सोडताना बाहेरून मधे, आणि सोडायचं ते इंजिन पूर्ण थंड झाल्यावरच, नाहीतर हेड वाकतं. क्लिकवाला टॉर्क रेंच बोल्ट सोडायला वापरू नका आणि काम झाल्यावर सगळ्यात खालच्या सेटिंगला आणून ठेवा.

आता पृष्ठभाग. हेड फेसिंग करून आणतात पण ब्लॉकवर पट्टी ठेवून बघत नाहीत, ही फार कॉमन चूक. सरळ पट्टी लांबीत, रुंदीत आणि दोन्ही तिरप्या रेषांत ठेवून ०.०५ मिमीचं फीलर गेज खाली जातंय का बघा, बऱ्याच इंजिनांची मर्यादा याच्याच आसपास असते, नेमका आकडा मॅन्युअलमधून घ्या. स्टीलच्या थरांचं गॅस्केट असेल तर त्याला पृष्ठभाग फार गुळगुळीत लागतो, जुन्या जाड गॅस्केटसारखं ते खाचा भरून काढत नाही. जुनं गॅस्केट काढायला ग्राइंडरवर पॉलिशची चकती लावतात त्याने दोन नुकसान होतात, मऊ अॅल्युमिनियममध्ये खड्डे पडतात, आणि चकतीची वाळू ऑइलच्या वाटांत जाऊन बेअरिंग खाते. प्लास्टिकचा स्क्रेपर, गॅस्केट रिमूव्हर आणि धीर. डिझेलला गॅस्केटच्या जाडीची खूण, म्हणजे कडेचे खाचे किंवा भोकं, जुन्याशी जुळवा, ब्लॉक घासला असेल तर पिस्टन किती वर येतो ते मोजूनच जाडी ठरवा.

एक केस अशी असते जिथे बोल्ट नवीन, भोकं कोरडी, अंश बरोबर, ब्लॉक सपाट, तरी काही महिन्यांत पुन्हा लीक. तिथे आधीच्या वेळी गाडी किती तापली होती ते विचारा. अॅल्युमिनियमचं हेड पाणी संपलेलं असताना बराच वेळ चाललं असेल तर त्याची कडकपणाची ट्रीटमेंट उतरते, धातू मऊ पडतो, आणि बोल्टच्या डोक्याखाली हळूहळू दबत जातो. बोल्ट तसाच, पण खालचं हेडच खचलं, म्हणजे ताण गेला. बोल्टच्या बैठकीवर खोल गोल ठसा उमटलेला दिसला तर हीच शंका घ्या. मशीन शॉपमध्ये हार्डनेस चेक करून मिळतो, मऊ निघालं तर फेसिंग करून पैसे घालवू नका, हेडच बदला. आणि गाडी मुळात का तापली ते शोधलं नसेल, थर्मोस्टॅट, फॅन, चोक झालेला रेडिएटर, तर नवीन हेडही त्याच वाटेने जाणार.

याच कामात अजून काही बोल्ट असतात ज्यांना लोक विसरतात. टायमिंगसाठी क्रँक पुली काढली तर तिचा बोल्ट बऱ्याच इंजिनांत एकदाच वापरायचा असतो, काही ठिकाणी कॅम स्प्रॉकेटचाही. मॅन्युअलमध्ये हेडचं पान वाचता वाचता त्यांचंही बघून घ्या. स्टड किट (बोल्टऐवजी आटेवाल्या दांड्या आणि नट) टाकणार असाल तर ते परत वापरता येतात, पण त्यांच्याबरोबर येणारंच ल्युब्रिकंट आणि त्यांचाच टॉर्क आकडा वापरायचा, कंपनीच्या बोल्टचे अंश तिथे लागू नाहीत.

शेवटचा प्रश्न नेहमी येतो, थोडं चालवून परत टाईट करू का? जुन्या जाड गॅस्केटच्या इंजिनांत करायचे, कारण गॅस्केट दबून बसायचं, आणि मॅन्युअलमध्ये तसं लिहिलेलं असायचं. स्ट्रेच बोल्ट परत आवळा असं मॅन्युअल सांगत नसेल तर त्यांना हात लावू नका. सेफ्टी म्हणून मारलेली ती पाव फेरी बोल्टला अजून लांबवते, दाब वाढवत नाही, आणि टॉर्क रेंच लावून "चेक" केलं तरी तो आकडा काही सांगत नाही कारण बसलेल्या बोल्टला हलवायलाच जास्त जोर लागतो. त्यापेक्षा हवा नीट काढा, फॅन दोनदा चालू होईपर्यंत इंजिन उभ्या गाडीत चालवा, पूर्ण थंड झाल्यावर लेव्हल बघून खूण करा, आणि पुढचे काही दिवस सकाळी चालू करायच्या आधी तीच खूण आणि पाइपचा टणकपणा बघत रहा. लेव्हल पहिल्या एकदोन वेळा थोडी उतरून थांबली तर ती हवा होती. रोज उतरत राहिली तर ब्लॉक टेस्टर परत काढा.